मीटरपासून स्पीकरपर्यंत : प्रस्तावना

विजेच्या मागोमाग आपल्या घरांत जी यंत्रे आली त्यांतील बहुतेकांचे काम उघड्या डोळ्यांना दिसते. पंखा फिरतो, दिवा उजळतो, पंप विहिरीचे पाणी टाकीत चढवतो. संगीताच्या संचातील पॉवर अ‍ॅम्प्लिफायर मात्र असा एक मुका पेटारा आहे, की त्याचे नेमके कार्य काय हे विकत घेणाऱ्यास, वर्षानुवर्षे वापरणाऱ्यास आणि पुष्कळदा विकणाऱ्यासही सांगता येत नाही. ‘आवाज मोठा करतो’ एवढे उत्तर मिळते, आणि ते अपुरे असल्यामुळेच पुढचे सारे गैरसमज व बरेचसे अपघात संभवतात. वस्तुतः अ‍ॅम्प्लिफायर आपल्याकडे आलेल्या क्षीण संकेताला ताणून थोर करीत नाही. आमच्या भागात पोफळीच्या बागेला पाणी लावताना पाटाच्या तोंडावरची फळी जो बोटभर वरखाली करतो, त्याच्या मनगटातून काही पाणी येत नाही. पाणी वरच्या वहाळाचे असते, आणि किती वाहावयाचे एवढाच हुकूम ते मनगट देते. तद्वत स्पीकरचा पडदा हलविणारी सारी शक्ती भिंतीतून आलेल्या विजेची असते आणि गाणे तिला केवळ आज्ञा करीत असते. १ व्होल्टाचा संकेत २० पट होऊन ८ ओहमच्या स्पीकरपाशी पोचला, की तारेतून २.५ अँपिअर प्रवाह वाहतो आणि ५० वॅट शक्ती खर्ची पडते; ही शक्ती महावितरणच्या खांबावरून, आपल्या मीटरमधून, ट्रान्सफॉर्मर व कंडेन्सर यांच्या वाटेने तेथवर आलेली असते. यास्तव ज्याला हे यंत्र समजून घ्यावयाचे त्याने आरंभ स्पीकरपासून न करता मीटरपासून करावा, हा प्रस्तुत पुस्तकाचा मूळ सिद्धांत आहे आणि तो मला सर्वस्वी मान्य आहे.

ध्वनी आणि वीज यांची सोयरीक तशी उशिराची. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा गायिकेला कर्ण्यात तोंड घालून गावे लागले, आणि ती तबकडी ज्या ग्रामोफोनवर वाजली तो किल्लीने चालणारा होता. कोकणातील वीज नसलेल्या माजघरात त्याचे काहीच अडले नाही. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तीन अग्रांची निर्वात नळी, म्हणजे आपण ज्याला व्हॉल्व्ह म्हणत आलो ती, सिद्ध केली आणि क्षीण संकेताने बलवान प्रवाहावर अंमल चालविण्याची युक्ती प्रथम माणसाच्या हाती लागली. परंतु व्हॉल्व्ह मूळ स्वरात पदरची भर घालीत असे. त्या विकृतीवर उपाय सापडला तो २ ऑगस्ट १९२७ रोजी, हॅरल्ड ब्लॅक हा बेल प्रयोगशाळेचा अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून कामावर जात असताना. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा अंश उलटा करून पुन्हा प्रवेशद्वाराशी आणावा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच निस्तरते, ही निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना त्याने हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच आकृतीसह उतरवून ठेवली. आज घरोघर वाजणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात ती आकृती आहे. त्याच्या दहाच दिवस आधी, २३ जुलै रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते, आणि आपल्या लोकांच्या कानावर विजेतून आलेला स्वर पडू लागला होता.

येथे आपल्या इतिहासाची एक विशेष गोष्ट नोंदविली पाहिजे. युरोप-अमेरिकेत अ‍ॅम्प्लिफायर दिवाणखान्यात वाढला. आपल्याकडे तो आधी सभामंडपात उभा राहिला आणि मग घरात आला. मुंबईच्या मोटवाने यांच्या शिकागो रेडिओचे कर्णे काँग्रेसच्या अधिवेशनांतून लागत, आणि १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता यांनी चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओला साहाय्य केल्याच्या आरोपावरून नानिक मोटवाने यांच्यावर खटलाही झाला. खेड्यापाड्यांतून पुढे हाच भोंगा शिमग्याला, लग्नाला, प्रचाराला झाडावर चढला. घरी होता तो रेडिओ, आणि तोही पोस्टातून दरसाल परवान्याचा दाखला घेऊन. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येताना जो संच ट्रंकेबरोबर आणी, त्याच्यापुढे आळी जमे. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायणाची ५६ गीते प्रसारित झाली ती लाखो घरांनी एकाच लहान स्पीकरमधून, एकाच दिशेने ऐकली. परिणाम असा झाला, की मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज हे समीकरण आमच्या पिढीच्या मनात खोल रुजले आणि दुकानदारांनी ते मनोभावे जोपासले. १९९०च्या सुमारास टीचभर टेपरेकॉर्डरवर हजार-हजार वॅट ‘पीएमपीओ’ची, म्हणजे क्षणमात्र शिखरशक्तीची, चकचकीत चिठ्ठी चिकटवलेली असे. ज्या ट्रान्सफॉर्मरमधून धड वीस वॅटही निघू शकत नाहीत त्याच्या नावे हजारांची सनद लिहिण्याची ही मखलाशी अमेरिकेत १९७४ सालीच तेथील व्यापार आयोगाच्या नियमाने बंद पडली होती. आपण मात्र त्या चिठ्ठीवर विश्वासून खरेदी करीत राहिलो.

दोन स्पीकरांतून एकच अवकाश उभा करण्याची, म्हणजे स्टिरिओची विद्या १९३१ साली अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याच्या पेटंटात आली; तबकड्यांच्या बाजारात तिला यावयास १९५८ उजाडले आणि आपल्या सामान्य घरांत ती रुजायला त्यानंतरही बराच काळ गेला. मधल्या काळातले लक्षात ठेवण्याजोगे नाव विल्यम्सनचे. एप्रिल १९४७ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये त्याने १५ वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापून खुला केला, ज्याची विकृती हजारात एका भागाहून कमी होती. घरी बसून असे यंत्र बांधता येते हा आत्मविश्वास जगभरच्या हौशी लोकांत त्या लेखाने निर्माण केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला हा काळाचा विनोद म्हणावा. कारण पुढच्या वीस वर्षांत त्याने व्हॉल्व्हला बहुतेक घरांतून हद्दपार केले.

हद्दपार केले, पण नामशेष केले नाही, आणि म्हणूनच या क्षेत्रात आजही संप्रदाय आहेत. व्हॉल्व्हचे उपासक त्याच्या स्वरातील स्निग्धतेवर प्राण ठेवतात. ती स्निग्धता खोटी नाही, परंतु तिच्यामागे तीनशे ते साडेचारशे व्होल्टांचा दाब उभा असतो, आणि स्पीकर न जोडता असे यंत्र चालू केले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते, हे त्यांच्या भजनात सहसा येत नाही. ट्रान्झिस्टरवाल्यांत पुन्हा पोटभेद. क्लास ए पंथाचे यंत्र गाणे चालू असो वा नसो पूर्ण प्रवाह जाळीत राहते. दोन्ही बाजूंना २५ वॅट देणारे असे यंत्र शंभर वॅटांहून अधिक उष्णता अहोरात्र खोलीत ओतते, आणि आमच्या कोकणातल्या लांज्याच्या मे महिन्यात ही चैन कोणाला परवडेल हे ज्याचे त्याने ठरवावे. क्लास एबी हा मध्यममार्ग, ज्यावर गेल्या पन्नास वर्षांतील बहुतेक संसारी अ‍ॅम्प्लिफायर चालले. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर केवळ उघडझाप करतो, तीही सेकंदाला लाखो वेळा, आणि शंभरातले नव्वद भाग शक्ती स्पीकरपर्यंत पोचते. क्लाइव्ह सिंक्लेअरने १९६४ मध्येच असा संच विकून पाहिला होता, पण त्या वेळच्या ट्रान्झिस्टरांना ते झेपले नाही. आज तळहातावर मावणारे तेच यंत्र लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत अल्प मोलात मिळते. तिन्ही पंथांचे यंत्र नीट बांधलेले व नीट जोडलेले असेल तर डोळे मिटून त्यांतला फरक ओळखणे वाटते तितके सोपे नाही, असे माझे मत आहे. पुस्तकाचे लेखक या बाबतीत माझ्याहून कमी उदार असून ट्रान्झिस्टरच्या पक्षाचे आहेत, आणि त्यांनी तो पक्षपात कोठे लपविलेला नाही.

अशा पुस्तकाची निकड आजच का भासावी? एक कारण लोकव्यवहाराचे आहे. मुंबईत नोकरीची वर्षे पुरी करून गावी परतणारा गृहस्थ आता ट्रंकेऐवजी आपला जुना संच बरोबर आणतो. त्यात सोनोडाइन वा कॉस्मिकचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, भारी स्पीकर असतात, आणि गोणभर तबकड्या. चाळीस वर्षांचे ते यंत्र, त्याचे वाळलेले कंडेन्सर आणि तडकलेले वायरीचे वेष्टन यांसह, एका जुन्या घराच्या त्याहून जुन्या वायरिंगला जोडले जाते. दुसरीकडे तरुण मुले नेटावरून मागविलेली क्लास डीची पाटी, हाती लागेल तो अडॅप्टर आणि मोटारीतले स्पीकर यांचा त्रिवेणी संगम घडवितात. दोघांच्याही मदतीला जी इंग्रजी पुस्तके आहेत ती उत्तम आहेत. फक्त ती भिंतीतला सॉकेट आणि त्यातली अर्थ ही परमेश्वरदत्त वस्तू समजून तेथून पुढे लिहिलेली आहेत.

आमच्याकडे गृहीत धरता येत नाही ती नेमकी हीच वस्तू. लांजा तालुका जांभ्यावर वसलेला आहे. जांभा पाणी धरून ठेवीत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही मार्च-एप्रिलमध्ये सडा करकरीत कोरडा असतो, आणि कोरड्या जांभ्यात पुरलेली अर्थिंगची नळी ही पुष्कळदा पुरलेली नळी एवढीच असते. अडीच मीटरांची नळी, भोवती मीठ व कोळसा, आणि उन्हाळ्यात तिच्या तोंडात बादलीभर पाणी ओतण्याची तजवीज, इतके केले तरच तिचा भरवसा धरावा. त्यातही एक बेमालूम फसगत लेखकांनी चांगली हेरली आहे. पूर्वी पुष्कळ घरांतून वायरमन अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपाला आवळून मोकळा होत असे, आणि पाइप जमिनीत दूरवर गेलेला असल्याने ते चालूनही जाई. पुढे नळयोजनेची दुरुस्ती झाली, अंगणातला गंजका पाइप निघून प्लास्टिकचा आला, आणि तार मात्र न्हाणीघराच्या भिंतीवर उरलेल्या लोखंडाच्या हातभर तुकड्याला पूर्ववत बांधलेली राहिली. दिवे पेटतात, पंखे फिरतात, कोणाची काही तक्रार नाही. घराची अर्थ नाहीशी झाली आहे याचा दाखला कोणत्याच कचेरीत नाही. अशा घरात अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचे वेष्टन फुटले, तर त्याची सुबक धातूची पेटी २३० व्होल्टांवर जाऊन स्वस्थ बसते आणि ओल्या पायांनी आवाज कमी करावयास येणाऱ्याची वाट पाहते.

फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा दिवा लावून तो लखलखीत पेटतो की मिणमिणतो हे पाहण्याची वायरमन लोकांची जुनी रीत आहे. ती खरी, परंतु अर्थ खराब असेल तर त्या क्षणापुरती घरातल्या फ्रिजपासून इस्त्रीपर्यंत सर्व धातूच्या अंगांत वीज खेळते, म्हणून ती घरधन्याने करून पाहावयाची नव्हे. ती परवानाधारक वायरमनने, घरातली मंडळी व उपकरणे दूर ठेवून, आणि शक्य तर दिव्याऐवजी मापकयंत्राने करावी. तीस मिलिअँपिअरवर तुटणारी आरसीसीबी, ज्याला लोक अजून ईएलसीबीच म्हणतात, ती मीटरच्या पेटीत असणे ही आज चैन नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. संच जोडल्यावर स्पीकरमधून हमिंग येऊ लागले, की कोणीतरी जाणता प्लगची मोठी पिन काढून टाकावयास सांगतो, आणि दुर्दैव असे की हमिंग खरोखरच थांबते. दोन यंत्रांच्या अर्थमधून फिरणारा प्रवाह तुटल्यामुळे ते थांबलेले असते, पण त्याबरोबर जिवाचा जामीनही निकालात निघालेला असतो. उपाय आहे तो सर्व यंत्रे एकाच सॉकेटपट्टीवर आणण्याचा आणि केबल-टीव्हीची तार संचापासून अलग करण्याचा.

वीज येते कशी हा या प्रकरणाचा उत्तरार्ध. संध्याकाळी पंप सुरू झाले की १७० व्होल्ट, मध्यरात्री त्याहून पुष्कळ अधिक, आणि मृगाच्या आधीच्या वळवात एका गडगडाटासरशी काय येईल ते सांगता येत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत सरकत गेले तेव्हा जिल्ह्यात खांब आडवे झाले, आणि पुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू होताना यंत्रांवर काय गुदरते हे पुष्कळांना कळले. वीज चमकू लागली की बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने तर वेगळाच शत्रुपक्ष उभा राहतो. सांध्यांवर हिरवट थर चढतो, रिलेचे स्पर्शबिंदू काळवंडतात, उबेला आलेल्या मुंग्या सर्किटवर वारूळ मांडतात आणि पाल नेमकी दोन उघड्या टोकांमध्ये आडवी होते. ज्यांनी संच प्लास्टिकात गुंडाळून ठेवला त्यांच्या यंत्राला आतून बुरशी आलेली मी पाहिली आहे. आठवड्यातून एकदा तासभर वाजवून तो उबदार ठेवणाऱ्यांचे यंत्र त्या मानाने सुखरूप राहते. इन्व्हर्टरवर चालवावयाचे असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा, नपेक्षा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

प्रत्यक्ष चालविण्याचे नियम त्या मानाने थोडे व सरळ आहेत. आधी ध्वनीचा उगम, मग प्रीअ‍ॅम्प, आणि शेवटी, आवाजाची कळ शून्यावर आहे याची खात्री करून, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर सुरू करावा. बंद करताना हाच क्रम उलटा. स्पीकरच्या तारा यंत्र बंद असतानाच जोडाव्या व त्यांच्या सोललेल्या टोकांतला एकही केसासारखा धागा शेजारच्या टोकाला शिवू देऊ नये. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर टाकले की भार ४ ओहमवर येतो आणि प्रवाह दुप्पट मागितला जातो; यंत्राच्या पाठीवर त्याची मंजुरी लिहिलेली नसेल तर ती मागू नये. क्लास डीच्या बहुतेक स्वस्त पाट्यांत तर स्पीकरचे काळे टोकही जिवंत असते, त्यामुळे दोन्ही बाजूंची काळी टोके एकत्र बांधण्याची जुनी सवय तेथे यंत्राच्या मुळावर येते. पेटीच्या वर वीतभर जागा मोकळी असावी, आणि तीवर क्रोशाचा रुमाल घालून वर फुलदाणी ठेवण्याचा प्रघात घरातील वडीलधाऱ्यांचा मान राखूनही मोडावा. नवख्याला आश्चर्य वाटेल, पण मोठ्या यंत्रापेक्षा लहान यंत्र शेवटपर्यंत पिळल्यानेच स्पीकर अधिक जळतात. शक्ती संपली की लहरींची शिखरे छाटली जातात आणि त्या छाटलेल्या कडांची उष्णता उंच स्वर वाजविणाऱ्या बिचाऱ्या ट्वीटरला सोसावी लागते.

तसे पाहता घरातील नित्याच्या श्रवणाला एक-दोन वॅट पुरेसे होतात. जांभ्या चिऱ्याची भिंत, वर लाकडी माळा आणि त्यावर कौले अशा माजघरात ध्वनी कोंडत नाही, तो कौलांच्या फटींतून वाट काढतो. स्लॅबच्या चौकोनी खोलीत जो खर्ज घुमून त्रास देतो तो येथे आपोआप विरतो. जुन्या घरांचा हा गुण परदेशी हौशी लोक पैसे मोजून मिळवितात. त्याच फटींतून आवाज शेजाऱ्याकडेही जातो, हे खरे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मंडपातल्या भोंग्याच्या निमित्तानेच हे नियम लोकांना ठाऊक झाले असले, तरी ओटीवरच्या संचाला ते माफ नाहीत.

प्रस्तुत पुस्तक खरेदीची यादी देत नाही आणि कोणत्या कंपनीचे यंत्र श्रेष्ठ याचा निवाडाही करीत नाही. मीटर, अर्थ, वायरिंग, यंत्र, तारा, स्पीकर आणि खोली या साखळीची प्रत्येक कडी आपल्या घरात कशी तपासावी हे ते शिकवते, आणि तेही ज्याने शाळेनंतर ओहमचा नियम पुन्हा पाहिलेला नाही अशा वाचकाला. भाषा दुकानातली ठेवली आहे. कंडेन्सरला कंडेन्सर म्हटले आहे, त्यामुळे पुस्तक हातात धरून मेस्त्रीशी बोलता येईल. मला उणीव वाटते ती व्हॉल्व्हच्या प्रकरणाची. ते चार पानांत आटोपले आहे, आणि ज्यांच्या माळ्यावर मर्फीचा जुना संच अजून कापडात गुंडाळलेला आहे त्यांना ते तोकडे पडेल.

पेटीचे झाकण उघडण्याविषयी मात्र लेखकांनी कसलीही सवलत दिलेली नाही. प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर भारलेले राहू शकतात, व्हॉल्व्हच्या यंत्रात तर जीवघेणे. आतले काम ज्याच्याकडे सिरीज बल्ब, मापकयंत्र आणि त्या दोहोंची सवय आहे त्याचे. वाचकाला त्यांनी एकच दुरुस्ती मंजूर केली आहे, ती बाहेरून निघणारा फ्यूज बदलण्याची. तोही प्लग काढून, पाठीवर छापलेल्या मापाचाच. पुन्हा लगेच उडाला तर तिसरा घालावयाचा नाही, आणि तांब्याची तार तर कधीच नाही.